ट्रायकोडर्मा वापरूनही हरभरा मरतोय? आधी मूळ चिरून पाहा

बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळला, शेणखतातूनही दिला, आणि तरी महिन्याभरात शेतात जागोजागी रोपे माना टाकू लागली. सेंद्रिय हरभऱ्यात ही तक्रार दर रब्बीला येते. मग कोणी "जैविकाने काही होत नाही" म्हणत रासायनिक बुरशीनाशकाकडे वळतो, तर कोणी आणखी दोन किलो ट्रायकोडर्मा पाण्यात कालवून ओततो. झाड नेमके कशाने मेले, हे दोघांनीही पाहिलेले नसते.

ट्रायकोडर्मा ही राखण करणारी बुरशी आहे. ती मुळाभोवती आधी वस्ती करते, रोगाच्या बुरशीला जागा आणि अन्न मिळू देत नाही, तिच्या धाग्यांना वेढून त्यांवर जगते. पण मर रोगाची फ्युजॅरियम बुरशी एकदा मुळात शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्यांत पोहोचली की ट्रायकोडर्मा तिथवर जाऊ शकत नाही. म्हणून "टाकला तरी मेले" या वाक्यात कधी टाकला, जिवंत होता का, आणि रोग तोच होता का, असे तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. खालच्या तपासण्या त्या तिन्हींची उत्तरे काढण्यासाठी आहेत. बिनखर्चाच्या आधी घेतल्या आहेत, वेळखाऊ शेवटी.

सामान घरात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत मिळेल एवढेच लागते: नवे ब्लेड, दहा पट मोठे दाखवणारे भिंग, काचेच्या चार बरण्या, कापूस, जुना कुकर, पीएच पट्ट्या आणि एक वही. वही टाळू नका. जानेवारीत काय दिसले होते ते पुढच्या ऑक्टोबरात आठवत नाही, आणि निर्णय तर ऑक्टोबरातच घ्यायचा असतो.

लक्षणे: "मर" या एका शब्दाखाली काय काय येते

शेतात वाळलेल्या प्रत्येक झाडाला आपण मर म्हणतो. प्रत्यक्षात हे वेगवेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

खरा मर (फ्युजॅरियम): पेरणीनंतर तीन ते पाच आठवड्यांत एक फेरी येते, पुढे फुलोऱ्यात आणि घाटे भरताना दुसरी. पाने हिरवी असतानाच देठ लोंबतात. कधी झाडाची एकच फांदी माना टाकते. उपटल्यावर मूळ बाहेरून चांगले दिसते, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

मानकूज (स्क्लेरोशियम): पहिल्या सहा आठवड्यांत. रोप किंचित पिवळे होऊन कोलमडते. जमिनीलगतचा भाग कुजलेला असतो, त्यावर पांढरी बुरशी आणि मोहरीच्या दाण्यांसारखे बारीक गोळे दिसतात.

कोरडी मूळकूज (रायझोक्टोनिया बटाटिकोला, तिलाच मॅक्रोफोमिना असेही नाव आहे): फुलोऱ्यानंतर, ऊन वाढून जमीन कोरडी पडली की. अख्खे झाड काडासारखे पिवळट होऊन वाळते. उपटताना सोटमूळ कटकन तुटून जमिनीत राहते, बारीक मुळ्या जवळपास नसतातच.

उभळणे: पाणी दिल्यावर चार-सहा दिवसांत सखल भागातली झाडे पिवळी पडतात. हा रोग नव्हे, मुळांना हवा न मिळाल्याचा परिणाम आहे.

खुजा रोग: झाड खुजे राहते, पेरे जवळजवळ येतात, पाने पिवळी-नारिंगी होतात. हा विषाणू किडींमार्फत पसरतो. ट्रायकोडर्माचा इथे काहीच संबंध नाही.

कीड: रोप जमिनीलगत कापलेले असेल तर कुरतडणारी अळी, मुळावर मातीचे बोगदे असतील तर वाळवी.

पहिली तपासणी: पाच झाडे, एक ब्लेड

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटे. हे न करता पुढे जाऊ नका.

अर्धवट माना टाकलेली पाच झाडे वेगवेगळ्या जागांहून घ्या. पूर्ण वाळलेले झाड घेऊ नका, कारण मेलेल्या मुळावर मातीतल्या भलत्याच बुरश्या चढतात आणि निदान चुकते. सोबत एक निरोगी झाड घ्या. झाड हाताने ओढून काढू नका. खुरप्याने बाजूची माती सैल करून मुळासकट उचला आणि बादलीत अलगद धुवा.

आता खोडाच्या जमिनीलगतच्या भागापासून सोटमुळापर्यंत ब्लेडने उभा चिरा द्या. निरोगी झाडात आतला गाभा पांढरट-पोपटी दिसतो. मर असेल तर मधोमध काळपट-तपकिरी रेघ खालून वर गेलेली दिसेल, पेन्सिलीने ओढल्यासारखी. साल मात्र स्वच्छ असेल. रेघ सापडली, तर फ्युजॅरियम धरून चाला.

रेघ नाही, पण मुळाची साल बोटाने सहज सुटते आणि सालीच्या आतल्या बाजूला भिंगातून काळे ठिपके दिसतात, तर कोरडी मूळकूज. गाभा ठीक आहे पण सालीलगतचा थर तपकिरी झालाय आणि झाडही खुजे आहे, तर खुजा रोग.

पाचपैकी तीन झाडांत एक आजार आणि दोनांत दुसरा, असेही होते. तसेच लिहून ठेवा. सोयाबीननंतर हरभरा घेणाऱ्या मराठवाडा-विदर्भातल्या शेतांत असे मिश्रण दिसणे नवल नाही, कारण मानकुजीची आणि कोरड्या मूळकुजीची बुरशी सोयाबीनवरही जगते.

याच वेळी मुळावरच्या गाठी बघा. रायझोबियमची (हवेतला नत्र झाडाला देणाऱ्या जिवाणूंची) गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, अंगठ्याच्या नखाने ढकलली की सुटते, आणि फोडल्यावर आत गुलाबी निघते. सूत्रकृमीची (मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, धाग्यासारख्या कृमींची) गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते. ती सुटत नाही, ओढली तर मूळ तुटते. हा फरक एकदा हाताला कळला की विसरत नाही. सूत्रकृमी मुळाला जखमा करतात, त्यातून फ्युजॅरियम आत शिरते आणि प्रतिकारक वाणही मरू लागतो. अशा शेतात नुसता ट्रायकोडर्मा देऊन भागत नाही.

दुसरी तपासणी: झाडे कुठे मरत आहेत?

शेताभोवती आणि मधून एकदा चालून वहीत चौकोन काढा व मेलेल्या झाडांच्या जागी फुल्या करा.

गोल चट्ट्यांत मरत असतील तर रोग जमिनीत आहे, आणि तो चट्टा पुढच्या वर्षी मोठा होणार. सगळ्या शेतात एकेक झाड विखरून मरत असेल तर बियाण्यातून आल्याचा संशय घ्या. सखल भागात किंवा पाटाच्या तोंडाशी मरत असतील तर पाण्याचा दोष आहे. एका सरळ तासात, म्हणजे पेरणीच्या एकाच ओळीत, मरत असतील तर पेरणीच्या वेळी काय झाले ते आठवा: त्या तासाला प्रक्रिया न केलेले बी गेले का, खत बियाला लागून पडले का?

पाण्याचे एक इथेच सांगतो. काळ्या जमिनीला भेगा पडल्यावर हरभऱ्याला पाणी देऊ नका. भेगांतून पाणी खाली भरते, लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त बसते आणि पीक उभळते. भेगा पडण्याआधी हलके पाणी द्यावे, तुषार असेल तर फारच चांगले. शेतातली निम्मी "मर" केवळ एवढ्याने कमी झालेली दिसते तेव्हा ती मर नव्हतीच.

तिसरी तपासणी: पुडी आणि बियाण्याचा रंग

ट्रायकोडर्माची रिकामी पुडी शोधून वाचा. त्यावर बुरशीचे नाव (व्हिरिडी, हरझियानम किंवा अ‍ॅस्पेरेलम), नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, आणि एका ग्रॅममध्ये किती जिवंत बीजाणू (बुरशीचे सूक्ष्म बी) तो आकडा असायला हवा. देशातल्या नोंदणीच्या निकषानुसार तो आकडा किमान २० लाख, म्हणजे २ × १०⁶ असतो.

या आकड्याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा म्हणजे १ कोटी बीजाणू. देशी हरभऱ्याचे शंभर दाणे साधारण २० ग्रॅम भरतात, म्हणजे किलोत ५,००० दाणे. प्रत्येक दाण्याच्या वाट्याला आले २,००० बीजाणू. आता तीच पुडी मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली आणि शंभरातला एकच बीजाणू जगला असे समजा. मग दाण्याला उरले २०. पावडर तशीच दिसते, वासही तोच येतो, तारीखही उलटलेली नसते. म्हणून तारखेइतकीच साठवण महत्त्वाची. ताजी, गेल्या दोन-तीन महिन्यांत तयार झालेली पुडी घ्या, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि गेल्या वर्षीची उरलेली बियाण्याला वापरू नका.

दुसरी गोष्ट बियाण्याचा रंग. बाजारातले पिशवीबंद बी लाल, गुलाबी किंवा निळसर असेल तर त्यावर बहुधा आधीच बुरशीनाशक लावलेले आहे. त्यात कार्बेन्डाझिम असेल तर ते ट्रायकोडर्मालाही मारते, थायरमचाही त्याला त्रास होतो. अशा बियाण्यावर ट्रायकोडर्मा चोळणे म्हणजे तो वाया घालवणे. शिवाय प्रमाणित सेंद्रिय शेतात असे बी चालतही नाही. प्रक्रिया न केलेले बी मागून घ्या किंवा स्वतःचे राखा.

चौथी तपासणी: लावला कसा?

क्रम असा हवा. आदल्या रात्री १ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून गार करून ठेवायचा. सकाळी सावलीत गोणपाटावर १० किलो बी पसरून लागेल तेवढेच गूळपाणी शिंपडायचे. दाणा ओलसर व्हावा, फुगू नये. त्यावर ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा भुरभुरून हलक्या हाताने चोळायचा. हरभऱ्याचे साल नाजूक असते, जोरात घासले की फाटते आणि उगवण घटते. त्यानंतर २५० ग्रॅम रायझोबियम आणि २५० ग्रॅम स्फुरद विरघळवणारे जिवाणू. सावलीत अर्धा-एक तास सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे.

बिघडते ते बहुधा इथे:

गूळपाणी गरम असतानाच ओतले जाते.

सुकवण्यासाठी बी उन्हात टाकले जाते.

बी आज चोळले आणि पाऊस किंवा यंत्र न मिळाल्याने चार दिवसांनी पेरले. अशा वेळी पेरणीच्या सकाळी पुन्हा चोळा.

कोरड्यात पेरले. ट्रायकोडर्माला वाढायला ओल लागते. वाफसा नसेल तर तो दाण्यावर तसाच पडून राहतो, आणि कोरड्या मूळकुजीच्या बुरशीला मात्र कोरडी, तापलेली जमीन मानवते.

ज्या पंपातून आदल्या दिवशी बोर्डो मिश्रण किंवा तांब्याचे औषध मारले त्याच पंपातून ट्रायकोडर्माची आळवणी केली, म्हणजे द्रावण मुळाशी ओतले. तांबे सेंद्रिय शेतीत मर्यादित प्रमाणात चालत असले तरी ते बुरशीनाशकच आहे. पंप धुवून घ्या आणि दोन्हींत किमान १५ दिवसांचे अंतर ठेवा.

मर दिसल्यावर दशपर्णी अर्क किंवा आंबट ताक फवारणारेही बरेच आहेत. रोग मुळाच्या आत आहे आणि फवारा पानावर पडतो. त्या दिवसाची मजुरी वाचवा.

पाचवी तपासणी: शेणखत

सेंद्रिय शेतात मानकूज वाढण्याचे सर्वांत मोठे कारण हेच, आणि ते मान्य करायला जड जाते, कारण शेणखत हे आपले बळ असते. स्क्लेरोशियम बुरशी अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यावर वाढते आणि तिथूनच रोपाच्या मानेवर चढते. सोयाबीन काढून आठवड्यात कुटार आणि धसकटे तशीच मातीत मिसळली, वर कच्चे शेणखत टाकले आणि लगेच हरभरा पेरला, तर आपण रोगालाच खाऊ घातले.

तपासायचे असे: मेलेल्या रोपाच्या मानेजवळची मूठभर माती चाळा. न कुजलेली काडी, शेणाचा ओळखू येणारा गोळा सापडला की उत्तर मिळाले. उरलेल्या ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागत असेल, अमोनियाचा उग्र दर्प येत असेल तर खत कच्चे आहे. कुजलेले खत गार, काळपट, भुसभुशीत असते आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास देते.

कच्च्या ढिगात ट्रायकोडर्मा मिसळला तर त्याचेही नुकसान होते. ही बुरशी २५ ते ३० अंशांत जोमाने वाढते, ४० च्या पुढे थांबते, आणि तापलेला ढीग ५५-६० अंशांपर्यंत सहज जातो.

बरोबर पद्धत: १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा. ओल इतकी, की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी टपकू नये. सावलीत फूट-दीड फूट उंचीचा थर, वर ओले गोणपाट. प्लास्टिक घट्ट झाकू नका, हवा लागते. दर तीन-चार दिवसांनी खाली-वर करा. १० ते १५ दिवसांत ढेकळांवर पांढरी आणि मग हिरवट बुरशी दिसू लागते. एकरी २ किलो ट्रायकोडर्माचे असे २०० किलो खत पेरणीच्या वेळी ओळीत, ओलीत पडले पाहिजे. शेतभर उन्हात फेकून तीन दिवस पडून राहिले तर श्रम फुकट गेले.

काळ्या जमिनीत याला आणखी महत्त्व आहे. ट्रायकोडर्माला किंचित आम्लधर्मी परिसर आवडतो आणि आपल्या काळ्या जमिनींचा सामू (पीएच) बऱ्याचदा ८ च्या आसपास असतो. नुसती पावडर मातीत टाकण्यापेक्षा खतावर वाढवून दिलेला ट्रायकोडर्मा तिथे तग धरतो, कारण तो स्वतःचे अन्न आणि घर घेऊन जातो.

सहावी तपासणी: बुरशी जिवंत आहे का?

पाच-सहा दिवस लागतात, खर्च मूठभर ज्वारीचा. नववी-दहावीच्या मुलांकडून शाळेत करून घेण्यासारखा हा प्रयोग आहे, आणि पेरणीच्या आधी करायचा आहे, नंतर नाही.

ज्वारी रात्रभर भिजवून निथळा. चार बरण्या एक तृतीयांश भरा, तोंडाला कापसाचा घट्ट बोळा, वर कागद बांधा. कुकरमध्ये शिट्टी झाल्यावर मंद आचेवर अर्धा तास ठेवा. पूर्ण गार होऊ द्या. चमचा ज्योतीवर तापवून गार करा आणि दोन बरण्यांत चिमूटभर पावडर टाकून बोळा लगेच लावा. उरलेल्या दोन बरण्यांचाही बोळा तेवढाच वेळ काढून परत लावा, पण आत काही टाकू नका. चारही बरण्या हलवून सावलीत ठेवा.

पावडर न टाकलेल्या त्या दोन बरण्यांशिवाय हा प्रयोग निरुपयोगी आहे. त्यांतही बुरशी आली तर ती हवेतून किंवा नीट न शिजलेल्या दाण्यांतून आली, पुडीतून नव्हे. मग सगळे पुन्हा करा.

पुडी जिवंत असेल तर दुसऱ्या दिवशी दाण्यांवर पांढरा कापूस धरू लागतो आणि झपाट्याने पसरतो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यात गडद हिरवे पट्टे येतात. सहाव्या दिवसापर्यंत काहीच नाही, तर पुडी मेलेली. हळू वाढणारे निळसर भुकटीसारखे ठिपके म्हणजे पेनिसिलियम ही दुसरीच बुरशी. काळी भुकटी किंवा पिवळट-हिरवी भुकटी म्हणजे अ‍ॅस्परजिलसची शक्यता, आणि त्यातली पिवळट-हिरवी जात विष तयार करणारी असू शकते. बोळा काढू नका, वास घेऊ नका. बरणी तशीच पुन्हा अर्धा तास कुकरमध्ये शिजवा आणि दाणे खड्ड्यात पुरा. तो कुकर स्वयंपाकाला वापरायचा नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी हा प्रयोग हाताळू नये.

या प्रयोगातून जिवंत की मेलेला एवढेच कळते. दर ग्रॅमला किती बीजाणू, हे मोजायला प्रयोगशाळाच लागते.

सातवी तपासणी: बी, वाण आणि फेरपालट

रोगट झाडाचे दाणे बारीक, सुरकुतलेले आणि मळकट असतात. घरचे बी असेल तर चाळणीने असे दाणे काढून टाका. मर झालेल्या चट्ट्यातले बी कधीच राखू नका, दिसायला चांगले असले तरी.

वाणाकडे दुर्लक्ष करून केवळ ट्रायकोडर्मावर भिस्त ठेवणे ही मोठी चूक आहे. विजय, दिग्विजय, जाकी ९२१८, फुले विक्रम, आकाश (बीडीएनजी ७९७) असे मर-प्रतिकारक वाण उपलब्ध आहेत. पण "मर-प्रतिकारक" याचा अर्थ फ्युजॅरियमला प्रतिकारक, एवढाच. तोच वाण मानकुजीने किंवा कोरड्या मूळकुजीने मरू शकतो, आणि मग वाणाला दोष दिला जातो. पहिल्या तपासणीतली ती काळी रेघ इथे निर्णय बदलते.

हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी हरभरा न घेताही जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकते. तीन वर्षांच्या फेरपालटाने ती कमी होते, संपत नाही. आणि फेरपालटही रोग पाहून हवी. फ्युजॅरियम असेल तर ज्वारी, गहू चालतात. तूर, मसूर, वाटाणा टाळा, कारण त्यांच्या मुळांवर ही बुरशी लक्षण न दाखवता राहू शकते. (तुरीचा मर वेगळ्या फ्युजॅरियममुळे होतो, तुरीचा मर हरभऱ्यात आला असे होत नाही.) पण कोरडी मूळकूज असेल तर रब्बी ज्वारी घेऊन काही साधत नाही. ज्वारीचा खडखड्या रोग याच मॅक्रोफोमिनाचा. ज्याने आदल्या वर्षी खडखड्याने ज्वारी गमावली, त्याने त्याच रानात लवकर, कोरड्यात हरभरा पेरू नये. बागायतीत २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळातली पेरणी आणि घाटे भरताना जमिनीला ओल, या दोन गोष्टी कोरड्या मूळकुजीला सर्वांत जास्त आवर घालतात.

लहान चट्टे असतील तर एप्रिल-मेमध्ये तेवढीच जागा नांगरून, ओलवून, पारदर्शक पातळ प्लास्टिकने कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे झाका. काळे प्लास्टिक नको, ऊन आत जात नाही. अख्ख्या एकराला हे परवडत नाही, चट्ट्याला परवडते. प्लास्टिक काढल्यावर ट्रायकोडर्मायुक्त खत लगेच द्या, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागी चांगली बुरशी आधी बसते.

आठवी, सर्वांत अवघड: आपल्याच शेतात पट्टे

वरचे सगळे बरोबर करूनही शंका उरते, की ट्रायकोडर्मामुळे फरक पडतो का? शेजाऱ्याच्या शेताशी तुलना करून ते कळत नाही. मर चट्ट्यांत येत असल्याने एका बाजूला टाकले आणि एका बाजूला नाही, तरीही फसायला होते. रोगट चट्टा नेमका एकाच बाजूला असू शकतो.

एकाच वाणाचे, एकाच दिवशी पेरलेले सहा पट्टे करा, प्रत्येकी चार ओळींचे, आणि शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांची जोडी धरा. प्रत्येक जोडीत एका पट्ट्यात प्रक्रिया केलेले बी, दुसऱ्यात न केलेले. कोणता पट्टा कोणता, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. "बांधाकडचे चांगले दिसतेय, तिथे ट्रायकोडर्मा टाकू" असे केले की प्रयोग संपला. पेरताना न केलेले बी आधी पेरा, म्हणजे पेटीला लागलेली पावडर त्यात मिसळत नाही. प्रत्येक पट्ट्यात मधल्या दोन ओळींतली १०० झाडे खुंट्या ठोकून ठरवा आणि ३०, ६० व ९० दिवसांनी त्यांतली मेलेली मोजा. प्रत्येक मेलेले झाड चिरून कारण लिहा. तिन्ही जोड्यांत फरक एकाच दिशेने दिसला तर विश्वास ठेवा. एकात उलटा आला तर पुढच्या वर्षी पुन्हा करा.

आत्ता उभ्या पिकात काय करावे?

माना टाकलेले झाड वाचत नाही. ते मुळासकट, आजूबाजूच्या मातीसह काढून पिशवीत घालून शेताबाहेर न्या आणि जाळा; उकिरड्यावर टाकलेत तर पुढच्या वर्षी खतातून परत येईल. चट्ट्याभोवतीच्या निरोगी दिसणाऱ्या दोन-तीन ओळींना लिटरला १० ग्रॅम ट्रायकोडर्माची, जमीन ओलसर असताना, संध्याकाळी आळवणी करा. ही आळवणी शेजारच्या झाडांसाठी आहे. चट्ट्यातून कोळपे किंवा पाटाचे पाणी पुढे नेऊ नका.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

मूळ चिरून वरचे एकही चित्र जुळत नसेल. मुळावर सूत्रकृमीच्या गाठी दिसत असतील. खात्रीच्या बियाण्याचा प्रतिकारक वाण काळी रेघ दाखवत मरत असेल. पीएच पट्टी ८.५ च्या वर जात असेल किंवा जमिनीवर पांढरा क्षार फुटत असेल; मग हा चोपण किंवा क्षारपड जमिनीचा प्रश्न आहे आणि हरभरा क्षार सोसत नाही. किंवा शंभरातली वीसहून अधिक झाडे फुलोऱ्याआधीच गेली असतील. यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय थांबवा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातले किंवा कृषी विद्यापीठातले वनस्पती रोगशास्त्रज्ञ गाठा. मराठवाड्यासाठी परभणी आणि बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र, विदर्भासाठी अकोला, पश्चिम महाराष्ट्रासाठी राहुरी.

नमुना नीट न्या. अर्धवट सुकलेली पाच-सहा झाडे, मुळाभोवतीच्या मातीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून. एक निरोगी झाड वेगळे. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी घालून नेलेले झाड पोहोचेपर्यंत कुजते. सकाळी काढून त्याच दिवशी पोहोचवा. सूत्रकृमीचा संशय असेल तर मुळांजवळची अर्धा किलो ओलसर माती वेगळी न्या आणि उन्हात तापू देऊ नका. चिठ्ठीवर वाण, पेरणीची तारीख, आधीचे पीक, बीजप्रक्रिया, पाणी कधी दिले, आणि वहीतला तो फुल्यांचा नकाशा.

पुडी मेलेली निघाली तर उरलेली सीलबंद पुडी आणि पावती घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात गुणनियंत्रण निरीक्षकाकडे लेखी तक्रार करा. फोडलेल्या पुडीचा नमुना ग्राह्य धरला जात नाही, म्हणून खरेदी करताना एक पुडी जास्तीची घेऊन बंदच ठेवलेली बरी. आणि शेत सेंद्रिय प्रमाणित असेल, तर कोणाच्याही सल्ल्याने रासायनिक औषध आळवण्याआधी प्रमाणीकरण संस्थेला विचारा.